शिकारीचा गेम आणि रोह्यांची वाट

नववीत शाळा सोडून मी रत्नागिरीकडच्या माझ्या गावातून रस्त्याच्या कामावर निघालो. ते काम सरकत सरकत मला बुलढाणा जिल्ह्यात घेऊन आलं. बीबीजवळ कावीळ झाली, तेव्हा टोळी पुढे गेली आणि मी एका शेतकऱ्याच्या ओसरीवर मागे राहिलो. त्या घरच्या काकूंनी कुणाचा कोण म्हणून न विचारता मला ताकभात भरवला. बरा झाल्यावर काकांनी शेतातल्या खोलीची किल्ली हातात ठेवली आणि हरभऱ्याची राखण कर म्हणाले. आजही कुणी मला चांगलं वागवलं की आधी भीती वाटते, हे किती दिवस टिकेल म्हणून. तेव्हा तर फारच वाटायची.

राखण रोह्यांपासून करायची. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर. टेकडीवरच्या झुडपांतून कळप उतरतो आणि उभं पीक लोळवतो. त्यासाठी तिकडे शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. काकूंनी गावभरातून साड्या गोळा केल्या आणि मी त्या खांबांना ताणून बांधल्या. आमच्याकडे कोकणात गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, फट ठेवणं म्हणजे आळस, म्हणून टेकडीच्या बाजूला एक बोटही जागा सोडली नाही. नाल्याची बाजू तेवढी मोकळी होती, तिथे काठ उंच होता, खालून जनावर वर चढणार नाही असा.

दिवसभर काम थोडं. मोबाईलवर शिकारीचा एक गेम होता, त्यात मी अडकलो होतो. तळ्याकाठी हरणांचा कळप येतो आणि त्यातला मोडक्या शिंगाचा म्हातारा नर एकाच गोळीत मारायचा, असं ते मिशन. सुरुवातीला मी दिसेल त्या पहिल्या हरणावर गोळी झाडायचो. कळप उधळायचा, मिशन फेल. मग हळूहळू कळलं की आधी बंदूक उचलायचीच नाही. वारा कुठून येतो ते बघायचं, सगळा कळप येऊ द्यायचा, बिथरला तर मोकळी जागा कुठे शोधेल ते ओळखायचं. घाई केली की हातचं जातं. तरी ते मिशन काही पुरं होत नव्हतं.

संध्याकाळी मी गावात काकांकडे जेवायला जायचो. एकदा परत आलो तर टेकडीकडच्या दोन साड्या सोडलेल्या. सुटलेल्या नव्हे, सोडलेल्या. नीट घडी करून दगडाखाली ठेवलेल्या, आणि आत रोह्यांचे खूर. मी पुन्हा बांधल्या. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. ती घडी मला जास्त झोंबली. कुणीतरी मला चिडवत होतं.

संशय शेजारच्या शेतातल्या दादांवर गेला. हे शेत आधी त्यांच्याकडे बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला होतं. मी आलो म्हणून काकांनी ते त्या वर्षी काढून घेतलं होतं. दादा धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, भेटले की हसून विचारायचे, हरभरा कसा हाये. मला त्या हसण्यात काहीतरी दिसायचं. मी गावाकडे निघालो की ते कुठे असतात, विहिरीवर कधी येतात, यावर मी नजर ठेवू लागलो. मग एक दिवस साड्यांच्या गाठींना तार गुंडाळली. त्या संध्याकाळी साड्या कुणी सोडल्या नाहीत, पण कळपानं त्या फाडल्या आणि एक अख्खी पट्टी लोळवून टाकली. माझा संशय पक्काच झाला. सोडता आलं नाही म्हणून दादांनी मुद्दाम हुसकून आत घातले असणार.

काका आले. गुडघा दुखतो म्हणून ते शेतात क्वचितच यायचे. लोळलेली पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितली. हॉटेलात लोक काय म्हणतात ते त्यांच्या कानावर आलं होतं, माझ्याही आलं होतं: मोबाईलातले हरणं मारते अन् वावरातले रोही पोसते. शेवटी ते एवढंच म्हणाले, "पोरा, असंच राह्यलं तर मले दुसरा माणूस पाहा लागीन."

दुसरा माणूस म्हणजे खोली गेली, काकूंचं जेवण गेलं, आणि घरी परत जायचं तर कोणत्या तोंडानं. त्या संध्याकाळी मी जेवायला निघाल्याचं दाखवलं, आणि वळसा घालून नाल्याच्या काठावर बसलो. वारा टेकडीकडून येत होता, म्हणजे जनावरांना माझा वास जाणार नव्हता. थोड्या वेळानं दादा आले. इकडेतिकडे बघितलं, दोन साड्या सोडल्या, घडी केली, दगड ठेवला.

काकांना फोन लावायला बोट पुढे गेलं होतं. पण पहिलं दिसेल त्यावर गोळी घालायची नाही, ही सवय लागली होती. थांबलो. कळप उतरला. काळा नर पुढे, माद्या मागे. मोकळ्या जागेतून आत आले, एकामागून एक, एका सरीनं चालत, चालता चालता चार तोंडं मारत, माझ्यापासून हाकेच्या अंतरावरून नाल्यात पाण्याला गेले. मागे पीक उभंच होतं.

सकाळी मी दादांना धुऱ्यावर गाठलं. काल बघितलं, म्हणालो. ते घाबरले नाहीत.

"काऊन बे, वाट कोणं बांधली? रोह्याची पाण्याची वाट हाये ती. बंद केली तर ते उडून आत पडते, नाईतर माह्या वावरातून जाते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुह्या काकानं मले इचारलं होतं का, वावर काढून घेताना?"

हे खरं की बनवाबनवी, मला ठरवता येईना. वाट उघडी राहण्यात त्यांचाही फायदा होताच. काकांना नुसतं सांगितलं असतं आणि दादांनी नाही म्हटलं असतं, तर काकांनी कुणाचं ऐकलं असतं? बाहेरून आलेल्याचं, की ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षं शेत कसलं त्याचं?

म्हणून मी काकांना दादांचं म्हणणं सांगितलं आणि म्हणालो, एक संध्याकाळ माझ्याबरोबर बसून स्वतः बघा. साड्या मीच सोडून ठेवल्या. काकांना काठावर बसवताना गुडघ्याखाली पोतं दिलं, विडी विझवायला लावली, खोकला आला तेव्हा उपरणं तोंडावर धरायला सांगितलं. मालकाला असं सांगायची ती माझी पहिलीच वेळ. कळप यायला उशीर झाला. काका दोनदा उठायला निघाले, दोनदा मी त्यांचं मनगट धरलं.

मग आले. तसेच, एका सरीनं, आणि गेले.

काकांनी उपरणं तोंडावरून काढलं. म्हणाले, "खरं बोलला तो. पण आपल्यासाठी नाई बोलला." त्याच रात्री त्यांनी दादांना फोन केला का, काय बोलले, मला कधी कळलं नाही. धुऱ्यावरचं दादांचं हसणं थांबलं नाही, आणि मीही त्यावर पूर्ण विश्वास ठेवू शकलो नाही.

उठताना काकांनी माझ्या खांद्यावर भार टाकला. दोन साड्यांची जागा मोकळी ठेव, म्हणाले, बाकीच्या घट्ट कर. मग मोटरसायकलपाशी पोचल्यावर, किल्ली लावता लावता, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हरभरा निघाला का मंग इथंच राह्य. उन्हाळ्यात विहिरीचं काम काढाचं हाये."