शेंदाडाच्या बियाण्यासाठी कोरेगावला

नव्वदच्या दशकातला हा प्रवास एका कडू घासानं सुरू झाला. इस्लामपूरजवळ आमचं दोन एकरांचं रान. तिथं बाजरीत सासूबाई शेंदाडाचे वेल लावायच्या. शेंदाड म्हणजे खरबुजाचं गावरान भावंड. पिकलं की आपोआप तडकतं, घरभर वास सुटतो. त्या वर्षी पहिलंच फळ कडू निघालं. मग दुसरं, तिसरंही. आदल्या वर्षी बांधावरच्या रानवेलाचा पराग माश्यांनी आमच्या फुलांवर आणला होता, त्याचंच हे बी. सासूबाईंच्या आईकडून आलेलं बी असं हातचं गेलं. सासूबाई त्या दुपारी जेवल्या नाहीत.

आता ते उरलं असलंच तर त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, कोरेगावच्या बाजूला. "तूच जा," त्या मला म्हणाल्या. "त्यो काय, हाताला लागंल ते उचलून आणंल." 'त्यो' म्हणजे माझा नवरा. मी शहरात, विश्रामबागेत वाढलेली, मला तरी शेंदाडातलं काय कळत होतं? पण निघाले.

सकाळच्या एसटीनं पेठ नाक्यावरून कराड. स्टँडजवळ मिसळ खा, पण कट वाटीत वेगळा मागा, नाहीतर पुढचा रस्ता डोळ्यांतून पाणी काढत जातो. कराडहून रहिमतपूरमार्गे जा. वेळ जास्त लागतो, पण ऊस मागं पडून घेवड्याची रानं सुरू होतात आणि डोळे निवतात. कोरेगावातून पुढं वडापची, म्हणजे माणसं भरली की सुटणारी जीप. "आवं सरका की, बारीक बाई हाय," म्हणत ड्रायव्हरनं मला कोंबलं. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी मला बारीक म्हटलं, त्यामुळं धक्के अजिबात जाणवले नाहीत.

मावशींनी भाकरी आणि घेवड्याची आमटी वाढली. मग चार शेंदाडं पुढ्यात ठेवली. "बी मागाया आलीस न्हवं? आधी खा. मग सांग कुठलं ते."

चारही सासूबाईंच्या आईच्याच बियाण्याची, पण एक पट्ट्यांचं, एक गुळगुळीत, एक जाड सालीचं, एक पिवळंधमक. मावशींच्या घरी रान वाटून घेतल्यावर प्रत्येक जावेनं स्वतःला आवडलेल्या फळाचं बी राखलं होतं. बाजाराला नेणारीनं जाड सालीचं, पोरं असलेलीनं गोड. मी चारही चाखली आणि पिवळ्यावर बोट ठेवलं. साखरच! पट्ट्यांचं तर अगदीच मचूळ होतं, ते एका फोडीवरच सोडलं.

"आक्का कशी खायची गं शेंदाड?" मावशींनी थोरल्या बहिणीचं विचारलं.

"गूळ घालून."

"मग गोडाला गूळ कशाला लागंल?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पट्ट्यांचं! पण मावशींच्या सुनेनं ते टोपलीतून कधीच म्हशीपुढं टाकलं होतं. मी पदर खोचून गोठ्यात धावले. म्हशीनं एक फाक संपवली होती, दुसरीत तोंड घालणार तोच ओढली. मावशी हसून हसून खाली बसल्या.

मला पिवळ्याचंही बी हवं होतं. "न्यायचं तर एकच," त्या म्हणाल्या. "दोन्ही एका रानात लावलीस तर माशा पुन्हा घोळ करत्यात." मनात चुटपुट लागली, पण पिवळं तिथंच ठेवलं. राखेत घोळलेलं बी फडक्यात बांधून परतले. सासूबाईंनी ते मुठीत धरलं.

पुढच्या वर्षी पहिलं शेंदाड तडकलं तेव्हा त्यांनी आधी देठाजवळची, कडूपणा असला तर पहिल्यांदा कळतो ती फोड स्वतः खाल्ली. किती वेळ चघळत होत्या! मग उरलेलं माझ्या हातात दिलं. "कडू न्हाई. औंदा बी तू राख. कुठल्या फळाचं ते तुझं तू बघ."

तेव्हा लग्नाला सहा वर्षं झाली होती. सून मी पहिल्या दिवसापासून होते, त्या घरची शेतकरी त्या दिवशी झाले.