शपथेविना दिलेली साक्ष

दानियलमास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते वेल्ह्याच्या बाजारात. डोक्याला नीटस पागोटं, काखेत जाड काळं पुस्तक आणि हातात सुक्या बोंबलांची पुडी. मी नवी सून. सासूबाईंना हळूच विचारलं, बामण बोंबील घेतो व्हय? त्या म्हणाल्या, बामण न्हाई, किरिस्ताव मास्तर हाईत, आपल्याच वाडीत शाळा काढणार. खरंच काढली. माझे थोरले दीर गेणबादादा, त्यांनीच आपल्या वावराच्या कडेचं छप्पर शाळेला दिलं होतं.

मास्तरांच्या पंचाहत्तरीच्या पुस्तकात मी लिहावं म्हणून निरोप आला तेव्हा मला लई आनंद झाला. पण बरोबर सूचना होती की आजींनी चांगुलपणाच्या आठवणी लिहाव्यात, त्यांच्या शास्त्राच्या खऱ्याखोट्यात पडू नये. मी पडणार. मी किरिस्ताव नाही. मेंगाईदेवीला नारळ देते, पुढंही देईन. पण त्यांच्या काखेतलं ते काळं पुस्तक बाजूला ठेवून मास्तरांविषयी लिहा म्हणणं म्हणजे भाकरीतून पीठ काढून द्या म्हणणं.

पिठावरून आठवलं. मला अक्षरं मास्तरांनी शिकवली, तीन लेकरं झाल्यावर. पाटी नव्हती, म्हणून सुपात नाचणीचं पीठ पसरून त्यात बोटानं 'ग' काढायला लावला. सासूबाई पीठ नासलं म्हणून कावल्या. मास्तर म्हणाले, नासलं कुठं, ह्याचीच भाकरी थापा, अक्षरं पोटात जातील. सासूबाईंना हसू आवरेना. त्या दिवसापासून सूप त्याच काढून द्यायच्या.

एकदा पुण्याहून एक शिकलेले गृहस्थ आले. शाळेत बसून त्यांनी मास्तरांना विचारलं की ही तुमची पोथी शेकडो हातांनी लिहिली, नकला करताना चुका झाल्या, एकच गोष्ट चार जागी चार तऱ्हेनं सांगितली, तिचा भरवसा काय? मी दाराशी चहा घेऊन उभी. वाटलं, आता मास्तर चिडणार. ते चिडले नाहीत. म्हणाले, नकलांत चुका आहेत, काही जागी मीही अडतो. पण ह्यात मोठ्या राजानं परक्याची बायको नेली ते लिहिलंय. पट्टशिष्य ऐन वेळी 'मी त्यांना ओळखत नाही' म्हणाला तेही लिहिलंय. आपल्याच माणसांचं उणं जे झाकत नाही, त्यावर मी विसंबतो. गृहस्थ म्हणाले, हे बोलायला सोपं आहे.

सोपं नव्हतं, ते पुढच्याच सुगीनंतर कळलं. आमच्या दिरांनी कोंडीबा धनगराच्या वावरात बांधाचा दगड सरकवला. घरातलंच आहे, पण लिहिते. कोंडीबानं पंच बसवले. देवळापुढं बेलभंडारा ठेवला, म्हणजे बेलाचं पान आणि हळद उचलून खरं सांगायचं. कोंडीबानं उचलला. दिरांनी उचलला, त्यांच्या दोन सोबत्यांनीही उचलला, आणि दगड आज्यापासून तिथंच आहे म्हणून सांगितलं. मग मास्तरांना बोलावलं, कारण शाळा बांधाला लागूनच. दिरांनी आदल्या दिवशीच त्यांना बजावलं होतं, छप्पर कुणाचं ते ध्यानात ठेवा.

पाटील म्हणाले, मास्तर, तुम्ही तुमचं पुस्तक उचला.

"ह्याच पुस्तकात शपथ घेऊ नका म्हणून सांगितलंय," मास्तर म्हणाले. "होय ते होय, नाही ते नाही, एवढंच बोलायचं."

माणसं हसली. दीर म्हणाले, "बघा, ह्यांचा सोताचाच त्येच्यावर भरवसा न्हाई."

"आहे म्हणूनच उचलत नाही. दगड सरकलाय. गेल्या सुगीला शाळेच्या दारात होता, मुलं त्यावर बसायची. आता तीन पावलं पलीकडं आहे."

पाटलांनी तोंडातलं पान थुंकलं. मग म्हणाले, "बेल उचलून चौघं आपापल्या सोयीचं बोलले. ह्यांनी न उचलता आपल्या डोक्यावरचं छप्पर घालवलं. मी ह्यांचं धरतो."

दगड जागेवर गेला. दुसऱ्या दिवशी दिरांनी छप्पर उतरवलं. शाळा कोंडीबाच्या मेंढरांच्या वाड्यात भरू लागली, लेंड्या झाडून. मीही जायची, दिरांच्या दारावरून, भरल्या उजेडात, पदर खोचून. दिरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. टाकलं तर टाकलं. मास्तर मात्र रोज जाता-येता त्यांना रामराम घालत. उत्तर येत नसे, तरी घालत.

गेल्या साली दीर अंथरुणाला खिळले. दोन्ही मुलांत वाटणीचा कागद करायचा होता. थोरला म्हणाला माझ्या ओळखीचा कारकून आणतो, धाकटा म्हणाला भोरच्या कचेरीतला माझा माणूस आणतो. दिरांनी दोघांनाही गप्प केलं आणि इतक्या वर्षांनी माझ्याकडं तोंड वळवलं.

"मास्तरास्नी बलीव."

मी कशाला सोडते. म्हटलं, "तुमच्या इरुद्ध बोलले, त्येस्नी?"

"म्हनून तर," दीर म्हणाले.

मास्तर आले, उशाशी बसले, जसं सांगितलं तसं लिहिलं आणि दोनदा वाचून दाखवलं. दिरांनी अंगठा उठवला. शपथ कुणीच मागितली नाही.

आता ज्यांना ते शास्त्र पारखायचं असेल त्यांनी खुशाल पारखावं, मी कोण अडवणार. माझी पारख झाली आहे. मास्तर, आपली नजर अशीच राहो, गुडघे आपल्याला टेकडी चढू देवोत, आणि शंभराव्या वर्षीही आमच्या भांडणात आपण आमच्या बाजूनं बोलू नये.