कवळीतला तिरका दात

मोठ्या मावशीने नीतिमत्ता गुंडाळून ठेवली, अशी आवई नात्यागोत्यात उठली होती. सख्ख्या धाकट्या बहिणीला ती शिव्याशाप देते, इथवर मजल गेली. साफ खोटं. तिने सोडलं होतं ते फक्त तोंडदेखलं गोड बोलणं.

मावशी लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवताना तोंडाने तत्त्वज्ञान चालू. "ज्याला चावता येत नाही ना, तो मऊ खाण्यालाच सद्गुण ठरवतो. आपली नम्रता तसलीच! आतून जळायचं आणि वरून हसायचं. मला नवी नीती हवी. जळताय तर जळतोय म्हणा."

म्हणणं सोपं होतं. मग त्याच लॅबमध्ये काम करणाऱ्या धाकट्या मावशीची मुख्य म्हणून निवड झाली.

धाकटीला काम मावशीनेच शिकवलेलं. कवळी खऱ्या तोंडासारखी दिसावी म्हणून मावशी मुद्दाम एक दात किंचित तिरका लावायची. धाकटीची रांग सरळसोट, चकचकीत. गिऱ्हाइकं आरशात बघून तिच्यावरच खूश. मालक म्हणाले, "यापुढे सगळ्यांनी धाकट्या बाईंसारखं काम करा." मावशीने तो दिवस दात-ओठ खात काढला.

संध्याकाळी धाकटीकडे सगळे जमले. जो तो "आम्हाला ठाऊकच होतं!" मावशी कोपऱ्यात कप धरून. 'अभिनंदन' ओठांशी यायचं, ती गिळायची. खरं बोलावं तर बहीण तुटेल. खोटं बोलावं तर आजवरची सगळी बडबड फुकट.

"ताई, तू काहीच बोलली नाहीस," धाकटीनेच विचारलं.

"जळतेय मी," मावशी म्हणाली. "ती खुर्ची मला हवी होती. तुझा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे, ते मला बघवत नाही. आणि हे बोलूनही आग काही कमी झालेली नाही."

धाकटीचे डोळे भरले, मग ती फिसकन हसली. "अगं ताई, आणि मी काय करते? सगळे गेले की तुझा तो तिरका दात लावून बघते. जमतच नाही मेला! माझ्या कवळ्या म्हणजे बशांची मांडणी नुसती."

"शिकवणार नाही!"

"नको शिकवूस. बघून चोरीन."

आयत्या वेळी मावशी शेपूट घालणार आणि गोड बोलून मोकळी होणार, अशी मी तिच्याशीच पैज लावली होती. हरले. आता सुट्टीभर तिचे प्लास्टरचे साचे घासतेय.