दुसऱ्या सेटवरचा हात

कुरखेड्याच्या बिनतारी केंद्रात दोन सेट होते. पहिल्यावर केंद्रप्रमुख बसे, दुसऱ्यावर मी. पहिला बंद पडला तरच दुसऱ्याने बोलायचं, अशी वनखात्याची व्यवस्था. तलावात जाळं टाकणाऱ्या आमच्या घरातला मी पहिला बी.एस्सी. मूल गावच्या शाळेतल्या गुरुजींनी मला स्वतः नेऊन कॉलेजात बसवलं, म्हणून इथवर आलो. ते उपकार मी कधी विसरलो नाही. पण माझ्या सेटला सगळे ‘राखीव’ म्हणत, आणि तो शब्द मला टोचायचा.

प्रमुख माझ्याच वयाचा, नागपूरचा, अधिकाऱ्याचा मुलगा. तोही तात्पुरताच होता. पावसाळ्याआधी आमच्यातल्या एकाला कायम प्रमुख करणार होते, आणि त्यात चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, ऑपरेटरचा शब्द चालणार होता. तो ऑपरेटर रोज त्याला ऐकायचा. मला ऐकण्याची वेळच त्याच्यावर येत नव्हती.

केंद्र आम्ही दोघांनी मिळून उभं केलं होतं. त्याच्या एरियलची तार मोहाच्या दोन उंच झाडांमध्ये ताणली, माझी मोकळ्या जागेत सागाच्या बल्ल्यांवर. एकीवरचं संकट दुसरीवर येऊ नये, हा हेतू. त्याचा सेट मोठ्या बॅटऱ्यांवर चाले आणि त्या भरायला पेट्रोलचं इंजिन होतं. माझ्या सेटला ऐकण्यापुरती कोरडी बॅटरी. बोलायचं झालं तर चौकीदाराने हाताने जनरेटर फिरवायचा. मी रोज सेट पुसायचो. चौकीदार म्हणे, “नवरीवानी सजवून राह्यले साहेब हिले. बोलन कधी?”

हेडफोन लावून पहिल्या सेटवर कान ठेवणं हेच माझं काम. दिवसभर मी त्याची किल्ली, म्हणजे संदेश ठोकायचं बटण, ऐकायचो. मोर्सचे ठिपके आणि रेघा सगळ्यांच्या सारख्याच, पण मारणाऱ्याचा हात वेगळा असतो, आवाजासारखा ओळखू येतो. त्याचा हात सुंदर होता. रेघ जराशी लांब, शब्द संपला की हलका विसावा. चांद्याहून येणारी त्याची तारीफही माझ्याच कानावर पडायची. माझा जळफळाट होई. संध्याकाळी सेट बंद झाले की मी सुट्या किल्लीवर सराव करत बसे. त्याच्याहून चांगला हात मला कमवायचा होता.

मोहाची फुलं टपकायला लागली तशी वानरं आली. एका दुपारी तो वणव्याचा निरोप देत होता. चांद्याहून ट्रक आणि माणसं मागवायची होती. अचानक बाहेर काहीतरी कडाडलं आणि त्याच्या मीटरचा काटा खाली पडला. वानरांनी तारेवर उड्या घेतल्या होत्या, एरियल जमिनीवर आली होती.

“लाव तुझा,” तो म्हणाला.

चौकीदार जनरेटर फिरवू लागला. शब्द तुटला होता तिथूनच मी उचलला, पूर्ण निरोप दिला, प्रश्नांना उत्तरं दिली. कुरखेड्यात आणखी एक हात आहे हे आता चांद्याला कळणार होतं.

पोच आली, ती मी कागदावर उतरवली. सोबत प्रमुखाचं नाव घेऊन शाबासकी: नेहमीसारखा स्वच्छ हात.

त्याने ते माझ्या खांद्यावरून वाचलं आणि ओशाळला. “थांब, मी सांगतो त्याले,” म्हणून माझ्या खुर्चीवर बसला आणि आत्ता किल्लीवर मी नव्हतो, माझा सहकारी होता, असं त्याने कळवलं. चांद्याने उलट त्यालाच दटावलं, थट्टा पुरे, तुझा हात मी ओळखत नाही का.

तो माझ्याकडे वळला. “तू माझ्यावानी कधीपासून मारून राह्यला बे?”

चौकीदाराला सगळं कळलं तेव्हा तो घाम पुसत म्हणाला, “नवरी बोलली साहेब, पण नाव दुसऱ्याचं घेतलं.”

पावसाळ्याआधी प्रमुख कायम झाला. वणव्याच्या दुपारच्या कामाचं त्याच्याच नावावर खास कौतुक झालं. त्याने माझी बाजू पुन्हा मांडली, आणि त्याचा तो भलेपणाही मला सहन झाला नाही. पेढे वाटून तो रजेवर नागपूरला गेला, तेव्हा पहिला सेट माझ्या हाती आला.

सकाळी चांद्याने हाक दिली. मी पहिली रेघ मुद्दाम आखूड मारली, दुसरी त्याहून आखूड. बोटं ऐकेनात, शब्द अडखळत गेले, एक तर पुन्हा मारावा लागला.

चांद्याने मध्येच थांबवून विचारलं, कोण आहे?

मी माझं नाव पाठवलं.