मीठ शेवटी

कारखान्याच्या कँटीनमध्ये आमच्या शेजारच्या मावशींनी तीस वर्षं फक्त कच्चं चिरलं, म्हणून कामगारांनी त्यांना काकडीमावशी नाव ठेवलं. शेगडीजवळ त्या कधी फिरकल्या नाहीत. "शिजवून शिजवून जीव घेता भाज्यांचा," असं आचाऱ्याला तोंडावर सुनावायच्या. मोड आलेल्या मुगावर लिंबू पिळायलाच हवं, त्याशिवाय त्यातलं लोह अंगी लागत नाही. आणि मीठ? ते माणूस ताटावर बसल्यावरच. आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं, कुरकुरीतपणा जातो आणि सगळं सत्त्व त्या पाण्याबरोबर मोरीत. यावरून त्यांनी एकदा मॅनेजरलाही फैलावर घेतलं होतं.

आता त्या रिटायर झाल्यात, घरी एकट्याच असतात. तरी दर रविवारी दोघांपुरतं चिरतात. बाराच्या सुमारास मुलाचा फोन येतो, "आई, आज नाही गं जमत." त्या "बरं" म्हणतात आणि रोजच्यासारखं वाडगा घेऊन खिडकीशी उभ्याउभ्याच खातात.

परवा मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. रक्तदाब बघून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "वा, मावशी! मीठ सोडलंत वाटतं?"

"मी कशाला सोडतेय?" मावशी खेकसल्या. मग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत हळूच म्हणाल्या, "कुणी ताटावर बसतच नाही हो."