रक्त लाजत नाही

"अगं, ताक करू नकोस!"

नेदरलँड्समध्ये, नायमेखनच्या आमच्या प्रयोगशाळेत हे वाक्य दिवसातून चारदा तरी ऐकू यायचं. रक्त नळीतल्या औषधात मिसळायचं म्हणजे मनगट हलकेच वळवून नळी उलटीसुलटी करायची, घुसळायची नाही. ताई ते करून दाखवायच्या, तान्ह्या बाळाची कूस बदलावी तसं. एकदा घाईघाईत त्या एका डच सहकाऱ्यावर "खेन ताक!" म्हणून ओरडल्या. डचमध्ये खेन म्हणजे नको, आणि ताक म्हणजे काम! 'काम नको' असं ऐकून तो बिचारा नळी ठेवून कॉफी प्यायला गेला. ताईंना हसू आवरेना.

ताई मूळच्या मिरजेच्या. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, अर्धं आयुष्य परदेशात काढूनही 'हात मेल्या' जसंच्या तसं जपणारी. फुफ्फुसातला संसर्ग रक्तावरून ओळखायचा, हे त्यांचं संशोधन. मी त्यांच्याकडे आकडेमोड करायचे. जंतू छातीत कुठेही दडला, तरी रक्तातल्या पेशींना त्याची कुणकुण लागते आणि त्या लढायच्या तयारीला लागतात. त्या तयारीच्या खुणा आरएनएत दिसतात. कोविडची तयारी वेगळी, क्षयाची वेगळी.

"खोकून कफ काढायला माणूस लाजतो," ताई म्हणायच्या. "लहान मुलांना ते जमत नाही, म्हाताऱ्यांना झेपत नाही. रक्त लाजत नाही गं."

प्रत्येक तपासणीत तुलनेसाठी एका निरोगी माणसाचं रक्त लागायचं. ते ताईंचं स्वतःचं असायचं. त्याच्या कितीतरी नळ्या त्यांनी फ्रीझरमध्ये भरून ठेवल्या होत्या. "इतकं धडधाकट रक्त अख्ख्या नेदरलँड्समध्ये शोधून दाखव!" असा त्यांचा तोरा. आणि खरं सांगते, त्यांना तो शोभायचा.

कोविडच्या पहिल्या वर्षी माझ्या सासूबाई बाळंतपणासाठी पुण्याहून आल्या आणि विमानंच बंद झाली. हिवाळा लागला तसा त्यांना खोकला लागला. कोविडची तपासणी दर वेळी निगेटिव्ह. संध्याकाळी अंगात कणकण, ब्लाउज ढगळ झालेले, आणि दिवसभर माझी तान्ही मुलगी त्यांच्याच मांडीवर. माझा जीव टांगणीला लागला होता. क्षयाचं नाव काढलं की नवरा उखडायचा, "आमच्याकडे तसलं कुणाला नाही!" इस्पितळाने डबीत नमुना मागितला, तो दोनदा तपासला. दोन्ही वेळा स्वच्छ.

सासूबाईंनी ताईंच्या संशोधनासाठी रक्तही दिलं होतं. त्याचा आलेख बघून ताई खुर्ची सरकवून उठल्याच. "क्षय आहे हा!"

इस्पितळातल्या डॉक्टरांना त्यांनी लगेच फोन लावला. ते म्हणाले, तुमची तपासणी अजून प्रयोगातली, तिच्या भरवशावर सहा महिन्यांची औषधं कशी सुरू करू? त्यांचंही बरोबरच होतं. ताईंनी फोन ठेवला, सायकल काढली आणि थेट आमच्या घरी आल्या. मास्क लावून, खिडक्या सताड उघडायला लावून, दाराजवळच बसल्या.

"वहिनी, त्या डबीत तुम्ही नक्की काय दिलंत?"

"हा म्हणाला थुंक, मी थुंकले."

"थुंकी, की बेडका?"

"इश्श! बेडका कसा देईन? परक्यांची ती चकचकीत डबी! आधी खाकरून बेसिनमध्ये टाकला, छान चूळ भरली आणि मग स्वच्छ थुंकी दिली."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. त्यानेच डॉक्टरांच्या शब्दाचं मराठी केलं होतं.

"हात मेल्या!" ताई म्हणाल्या. "कंप्युटरच्या एवढ्या बारीक चिपा बनवतोस आणि आईला बेडका म्हणायला लाजलास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, चूळ भरायच्या आत, ताईंनी सासूबाईंना बाल्कनीत उभं केलं, दीर्घ श्वास घ्यायला लावला आणि लांबून ओरडल्या, "आता खोलातून खोका. लाजू नका!" या वेळी डबीत जे हवं होतं ते आलं आणि त्यात क्षयाचे जंतू सापडले. औषधं सुरू झाली. आम्हा सगळ्यांची तपासणी झाली. मुलगी सुखरूप होती. मी ताईंच्या गळ्यात पडून रडले नाही, ते केवळ दीड मीटर अंतराच्या नियमामुळे.

"तुमचं मशीन जिंकलं," मी म्हणाले.

"मशीनने बोट दाखवलं गं. विचारायला माणसालाच जावं लागतं."

भारतात दुसरी लाट आली तेव्हा ताईंचा भाऊ मिरजेत ऑक्सिजनवर होता. आम्ही नको नको म्हणत असताना ताई गेल्या. भाऊ वाचला. ताईंना मात्र तिथेच कोविडने गाठलं, आणि त्या गेल्या, त्या गेल्याच. फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतच होते, आणि मला त्यांच्या रिकाम्या खुर्चीचा भयंकर राग आला.

थोड्याच दिवसांत सासूबाईंची औषधं संपली आणि त्यांचं शेवटचं रक्त तपासायला आलं. मी नळी हातात घेतली, मनगट हलकेच वळवलं. तुलनेसाठी ताईंची नळी लागणार होती. फ्रीझर उघडला आणि हात थबकला. मग वाटलं, ओरडतील. काढली.

पडद्यावर दोन रेषा उमटल्या. एक ताईंची, एक सासूबाईंची. दोन्ही शांत, जवळजवळ एकीवर एक.

घरून फोन आला. "काय गं, काय म्हणतंय माझं रक्त?"

"अगदी ताईंसारखं झालंय, आई."

त्या म्हणाल्या, "मग धडधाकट असणार."