बाकाचा ठराव

जुरोंग ईस्टला आमच्या ब्लॉकखालचा बाक कुणीतरी काढून नेला, तेव्हा ती मला पहिल्यांदा भेटली. गावाहून मुलाकडे आलेली एक मावशी, नऊवारीखाली कॅनव्हासचे बूट. गुडघे दुखायचे, टेकायला जागा नसली तर तिचं खाली येणंच बंद होणार होतं.

“इथला सरपंच कोण?”

“मावशी, हा देशच एका शहराएवढा. इथे सरपंच नाही, जिल्हा नाही, राज्यही नाही. असलं सगळं खासदारच बघतात.”

“अगं बाई! एवढा मोठा माणूस बाकडी बघतो?”

गावी ती महिला राखीव जागेवरून पाच वर्षं सरपंच होती.

खासदार आठवड्यातून एका संध्याकाळी लोकांना भेटतात. नंबर घ्यायचा, एकेकट्याने आत जायचं. मी तिला घेऊन गेले. नंबर हातात असतानाच ती पदर खोचून सगळ्यांसमोर उभी राहिली.

“माता-भगिनींनो, बाक पाहिजे का नको?” तिनं स्वतःचा हात वर केला.

मी ओशाळून इंग्रजीत सांगितलं. शेजारच्या चिनी आजींनी “वॉन्ट लाह!”, म्हणजे ‘पाहिजे की!’, म्हणत हात वर केला. मग आणखी चौघांनी.

“एकटीनं मागितलं तर अर्ज,” मावशी मला म्हणाली, “सगळ्यांनी हात वर केले की ठराव. घटनेनं आम्हाला ग्रामसभा दिली, तिथं शिकले मी.”

बाक परत आला, तोवर ती गावी गेली होती. नाव विचारायचं राहिलंच.

आता तिथे त्या चिनी आजी बसतात. मी दिसले की हात वर करतात. मीही करते.